लाट फुटते तेव्हा हवेत काय जातं?

(दृश्य: सकाळ. इंपीरियल बीच, कॅलिफोर्निया. वाळूत रोवलेली इशाऱ्याची पाटी.)

पाटी सांगते, पाण्यात उतरू नका, मैलापाणी मिसळलेलं आहे. लोक ती पाळतात. वाळूवरून चालतात, कुत्री फिरवतात, पाण्यापासून लांब राहतात. पण लाटांकडून येणारी हवा त्यांच्या फुप्फुसांत जातेच.

हे अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाचं गाव. मेक्सिकोतून येणारी तिहुआना नदी सीमा ओलांडते आणि गावाच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. पाऊस झाला की प्रक्रिया न केलेलं मैलापाणी तिच्यासोबत लोंढ्याने येतं.

(दृश्य: फुटणारी लाट, अतिसंथ गतीत.)

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवा कोंडली जाते. तिचे असंख्य बुडबुडे वर येऊ लागतात आणि वाटेतले जीवाणू त्यांना चिकटत जातात. पृष्ठभागावर आल्यावर बुडबुड्याचं पातळ आवरण फाटतं, त्याचे सूक्ष्म कण उडतात. क्षणात खालचा खळगा मिटतो आणि मधूनच पाण्याची बारीक चिळकांडी वर उसळते. तिचेही थेंब होतात. सोड्याच्या ग्लासाजवळ नाक नेलं की जाणवणारे तुषार असेच तयार होतात.

१९७० मध्ये वातावरणशास्त्रज्ञ डंकन ब्लँचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की अशा थेंबांतलं जीवाणूंचं प्रमाण खालच्या पाण्याच्या दहापट ते हजारपट असू शकतं. म्हणजे बुडबुडा पाणी नुसतं वर उडवत नाही, तो जीवाणू वेचून वर नेतो. पुढे थेंब सुकतो, मिठाचा सूक्ष्म कण उरतो आणि त्याच्यासोबत जीवाणू वाऱ्यावर निघतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी बरेच मरतात. सगळे नाही.

(दृश्य: किनाऱ्यावर हवा खेचणारा पंप, त्यावर बसवलेली गाळणी.)

२०१९ मध्ये, जानेवारी ते मे या काळात, स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या किम्बर्ली प्रेथर यांच्या गटाने इथली हवा गाळून घेतली. सोबत नदीच्या पाण्याचे नमुने घेतले आणि दोन्हींतला डीएनए ताडून पाहिला. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: हवेतल्या जीवाणूंपैकी ७६ टक्क्यांपर्यंत जीवाणूंचा माग त्या मैल्या नदीपर्यंत जात होता. हा आकडा कमाल आहे, रोजचा नाही. हवेत जीवाणू सापडले म्हणजे लोक आजारी पडलेच, असंही त्यावरून ठरत नाही. बहुतेक जीवाणू निरुपद्रवीच असतात. तरीही माझ्या लेखी हा शोध फार मोठा आहे, कारण किनारा बंद करताना आपण फक्त पोहणाऱ्यांचा विचार करत आलो.

बुरशीचा प्रवास मात्र बराचसा उलटा. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांचे बीजाणू मुख्यतः मातीतून, कुजलेल्या पाल्यातून उडतात. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून जातात, आणि त्यांच्यासोबत बीजाणूही समुद्रावर पोचतात. कॅरिबियन समुद्रात 'समुद्री पंखा' नावाच्या प्रवाळांना एका रोगाने पोखरलं. १९९८ मध्ये त्यामागे ॲस्परजिलस सिडोवी ही बुरशी असल्याचं उघड झालं. ती जमिनीवरच्या मातीतही राहते. म्हणून किनाऱ्यावरच्या हवेचा नमुना घेताना वाऱ्याची दिशा लिहिलेली नसेल, तर त्या नमुन्यातून फारसं काही कळत नाही.

(दृश्य: मुंबई, मरीन ड्राइव्ह. पावसाळी भरती.)

उधाणाच्या लाटा अंगावर घ्यायला आपण इथे मुद्दाम येतो. मुंबईचं मैलापाणी वरळी आणि वांद्र्याहून लांब नळांनी समुद्रात सोडलं जातं. मिठी नदी आपली घाण घेऊन माहीमच्या खाडीत उतरते. बुडबुडा इथेही तसाच फुटतो. इंपीरियल बीचचा आकडा उचलून मुंबईला लावणं चूक ठरेल. इथली नदी वेगळी, हवेतला दमटपणा वेगळा, पाऊस तर फारच वेगळा. म्हणूनच मोजणी इथेच व्हायला हवी: पाण्याच्या बाटलीसोबत हवेची गाळणी, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ, आणि तेही पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर. कोळीवाड्यांतली माणसं या हवेत दिवसरात्र राहतात. पहिले पंप त्यांच्या दारात बसवावेत.