ब्लोअर बंद पडला? आधी करंट कुठं थांबलाय ते शोधा

(साताऱ्यात गॅरेजवाले, वायरमन आणि आयटीआयची पोरं यांच्यापुढं झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. हीटरच्या ब्लोअरवर काय बोलायचं, आपल्याकडं हीटर लागतो कुणाला, असं बऱ्याच जणांच्या मनात असेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जा, नाहीतर पसरणीच्या घाटातनं पाचगणीला जा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बाहेर धुकं, गाडीत चार माणसं ओल्या कपड्यात, आणि काच आतनं अशी वाफ धरते की समोरचं वळण दिसत नाही. त्या वेळी एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच गरम करतो, पण दोघांची हवा काचेपर्यंत नेणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, एकच आहे. तो बंद म्हणजे दोन्ही बंद. म्हणून मी याला आरामाचा पार्ट मानत नाही, वायपरसारखा सेफ्टीचा पार्ट मानतो.

एक गोष्ट आधी वेगळी काढू. गिऱ्हाईक म्हणतं हीटर चालत नाही, तर पहिलं विचारा हवा येते का. हवा जोरात येते पण गार येते, तर ब्लोअरला हात लावू नका, तिथं कूलंट कमी असेल, थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल नाहीतर आतला फ्लॅप फिरत नसेल. आज आपण हवाच येत नाही त्याबद्दल बोलतोय.

आता सगळे स्पीड लावून बघा, हे फुकटचं टेस्टिंग आहे आणि तेच लोक करत नाहीत. एक, दोन, तीन बंद आणि फक्त चारवर चालतो, तर नव्वद टक्के काम झालं, रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करून पंखा हळू करणारा पार्ट, गेलाय. कारण खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरच्या कॉइलमधनं जातो आणि शेवटच्या स्पीडला त्याला वळसा घालून सरळ जातो. मधलाच एखादा स्पीड मेलाय तर एखादी कॉइल किंवा स्विचचा तो एक पॉइंट. आणि कुठलाच स्पीड चालत नाही तर रेझिस्टर मागवायची घाई करू नका, फ्यूज, रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), मोटर, अर्थ (मायनसची बाजू), कपलर (वायरी जोडणारा प्लग), यातलं काहीतरी आहे.

फ्यूज काढून डोळ्यानं बघून भागत नाही, बारीक तडा दिसत नाही. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प (क्लिप आणि टोक असलेला तपासायचा दिवा) लावा, दोन्हीकडं पेटला पाहिजे. उडालेला असेल तर जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला, तीसचा हिरवा असेल तर हिरवाच. उडतोय म्हणून चाळीसचा घालणं, नाहीतर तार गुंडाळणं, हे मी बघितलंय आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डच्या आतली वायर जळते आणि ती विझवायला हात पोचत नाही. चावी बंद करून पंखा हातानं फिरवा, जड जातोय का, पालापाचोळा अडकलाय का. उंदरांचं घरटं सुद्धा निघतं, विशेषतः गाडी शेताच्या कडेला उभी राहत असली तर.

फ्यूज चांगला असेल तर डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स उतरवा, बहुतेक गाड्यांत मोटर त्याच्या मागं असते. स्पीड फुल ठेवून मोटरला हलकं ठोका. ठोकल्यावर फिरली तर कार्बन ब्रश संपलेत, मोटर बदलायला लागणार, आज चालू झाली म्हणून गाडी देऊन टाकू नका.

आता मुद्द्यावर येतो, इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कपलर काढून मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, म्हणतात सप्लाय आलाय मोटर गेली. असं नाही हो. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळं वायरचा एकच केस, म्हणजे एकच बारीक तार, शिल्लक असला, कपलर काळा पडलेला असला, तरी तो १२ दाखवणार. मोटरला फुल स्पीडला १५-२० अँपिअर लागतात, तेवढे त्या एका केसातनं येणार नाहीत. म्हणून मोटर जोडलेली ठेवा, स्पीड फुल, आणि मीटरच्या दोन्ही पिना मोटरच्या दोन्ही पिनांवर मागनं टेकवा. बॅटरीएवढे व्होल्ट आले आणि मोटर गप्प, तर मोटर मेली, बिनधास्त बदला. शून्य आले तर मोटरचा काही दोष नाही, वायरिंगकडं चला. आणि सात-आठ-नऊ असं मधलंच काही आलं तर वाटेत कुठंतरी व्होल्ट खाल्ले जातायत.

त्याचा हिशोब करून बघा. बॅटरीवर १२.४ आणि मोटरवर ८.९, म्हंजे साडेतीन व्होल्ट वाटेत गेले. १५ अँपिअर चालू असेल तर साडेतीन गुणिले पंधरा, ५२ वॅट झाले, आणि ती सगळी उष्णता एका छोट्या कपलरमध्ये. आपला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, त्याचे दोन आयर्न प्लास्टिकच्या कपलरमध्ये चालू ठेवल्यासारखं आहे. मग तो वितळतो यात नवल काय.

अजून एक फसवणारी जागा. बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की मोटरला प्लस कायम येतो आणि स्विच, रेझिस्टर हे अर्थच्या बाजूला असतात. तिथं मोटरच्या दोन्ही वायरींवर १२ दिसतात, पोरं गोंधळतात. दोन्हीकडं १२ म्हंजे व्होल्ट मोटरमधनं पलीकडं पोचले पण करंटला पुढं बाहेर पडायला वाट नाही, अर्थची बाजू तुटलीय. अर्थ तपासताना लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक अर्थच्या वायरला. जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब असेल तर फार उत्तम, तो साडेचार अँपिअर ओढतो, कमकुवत वायर लगेच उघडी पडते. पण पिवळ्या कपलरला चुकूनही लॅम्प लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

एकानं विचारलंय, रेझिस्टर परत परत का जळतो. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, पंख्याच्या हवेनंच तो गार होतो. केबिन फिल्टर मातीनं गच्च झाला की हवा कमी आणि तो तापून आतला थर्मल फ्यूज उडतो. नाहीतर मोटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो तो भाग) जाम होत आलेला असतो, ती जास्त करंट ओढते. म्हणून रेझिस्टर बदलताना फिल्टर काढून बघा आणि मोटरचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजा, नवीन मोटरपेक्षा बराच जास्त असेल तर गिऱ्हाइकाला आत्ताच स्पष्ट सांगा, महिन्याभरानं भांडण नको.

ऑटो एसीवाल्या गाड्यांत हा रेझिस्टर नसतो, तिथं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, प्लस, अर्थ आणि एक सिग्नलची बारीक वायर. त्या सिग्नलला डायरेक्ट १२ व्होल्ट देऊन बघायचं नाही, मॉड्यूल जाईल. प्लस-अर्थ लोडवर, म्हणजे करंट चालू असताना, तपासा, मोटर काढून वेगळी बॅटरीवर फिरवून बघा, दोन्ही ठीक तर स्कॅनर लावून कंट्रोल पॅनलकडनं स्पीडची कमांड येते का ते बघा, आणि मगच मॉड्यूलची किंमत विचारा.

आणि जळका कपलर तसाच ठेवून नवीन रेझिस्टर खोचू नका, पिना ढिल्या झालेल्या असतात. कपलर वायरच्या शेपटीसकट मिळतो, तो चांगला क्रिम्प करून, म्हणजे जोड घट्ट दाबून, बसवा. मग फुल स्पीडवर दहा मिनिटं चालवा, प्रत्येक स्पीड बघा आणि कपलरवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर गाडी द्यायची नाही, परत उघडायची.