कोयता उचलला त्या रात्रीच्या आधी

[दृश्य: सांगली, गणेशदुर्ग, तुरुंगाची बाहेरची भिंत]

सांगलीचा तुरुंग म्हटलं की वसंतदादांचं नाव निघतंच. २४ जुलै १९४३ ला सहकाऱ्यांसह ते इथून तुरुंग फोडून बाहेर पडले. ती गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. आपण बोलणार आहोत ते मनानं आजारी असलेल्या कैद्यांबद्दल. त्यांची गोष्ट सहसा कुणी विचारत नाही.

एक प्रसंग घेऊ. तो आम्ही रचलेला आहे, पण यातलं काहीच या भागाला अनोळखी नाही.

[दृश्य: तासगावकडची द्राक्षबाग, रात्र, सुरू असलेली मोटर]

तिशीतला बागायतदार. एका रात्री त्यानं सख्ख्या भावावर कोयता चालवला. भाऊ वाचला, हा कच्चा कैदी झाला. डॉक्टरांनी निदान केलं, स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय खरेच वाटू लागतात असा मनाचा आजार. निदान बरोबरच आहे. पण हा आजार असलेली बहुतेक माणसं कधी कुणावर हात उगारत नाहीत. मग यानंच का? आणि त्याच रात्री का?

मानसशास्त्रज्ञ त्याच्यासोबत बसून याचा उलगडा मांडत जातात. त्या मांडणीला फॉर्म्युलेशन म्हणतात.

आईलाही भास व्हायचे, घरात तो विषय काढायची सोय नव्हती. अवकाळीनं बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि मिरजेहून आणायच्या गोळ्या बंद पडल्या. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळं बागेला पाणी द्यायला सलग जागरणं. झोप तुटली तसे कानातले आवाज वाढले. भाऊ जेवणात काहीतरी कालवतोय, हे मनात पक्कं बसलं. त्यानं घरचं जेवण सोडलं, आतून कडी लावून झोपू लागला. घरच्यांनी देवऋष्याकडे नेलं. तो म्हणाला, घरातल्याच माणसानं केलंय. संशयाला साक्षीदार मिळाला. फक्त धाकट्या बहिणीच्या हातचं तो शेवटपर्यंत खात होता.

कोर्टाचा प्रश्न वेगळा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ पाहतं ते एवढंच, की मनोविकारामुळं त्याला आपल्या कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, त्या वेळी कळू शकत नव्हतं का. त्याचा निवाडा न्यायाधीश करतात. फॉर्म्युलेशन गुन्हा माफ करत नाही आणि करूही नये, घाव भावानं सोसलाय. आणखी एक. यातलं कोर्टापर्यंत काय जाणार, हे कैद्याला बोलण्याआधीच सांगायला हवं. गोड बोलून माहिती काढणं ही फसवणूक आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय हवी. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला एक कशी पुरेल?

[दृश्य: मिरज, ओपीडीबाहेरची रांग]

या मांडणीतूनच कळतं, की सुटकेची तयारी नुसत्या औषधाच्या चिठ्ठीवर भागत नाही. गोळ्या बहिणीच्या हातून. रात्रीचं पाणी दुसऱ्या कुणी द्यायचं. त्यानं जेवण टाळलं, कडी लावायला लागला, की त्याच दिवशी मिरज गाठायची. आणि भावाला विचारायचं, याला घरात परत घ्यायला तुम्ही तयार आहात का? तो नाही म्हणाला, तर त्याला दोष न देता मांडणी तिथून पुन्हा सुरू करायची.