परीट आला का?

श्रोतेहो, नमस्कार. दसरा झाला, पहाटे गवतावर दंव दिसू लागलं. म्हणजे पाहुणे यायला लागले. हिमालयातून, मध्य आशियातून, सैबेरियातून येणारे पक्षी. या शनिवारी आपल्या गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर जा, रविवारी चोडण बेटावर. उजाडायच्या आत पोहोचा. पुन्हा सांगतो, उजाडायच्या आत.

आणि चोडणला जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तुतवार आणि चिखले हे पक्षी त्यातले किडे टिपायला उतरतात. गेल्या वर्षी मी ही वेळ पाहिलीच नव्हती. दहा वर्षांच्या पुतणीला घेऊन चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गेलो, तर ऐन भरती. कांदळवन मुळांपर्यंत बुडालेलं. दोन तासांत खंड्याशिवाय काही दिसलं नाही. पोर हिरमुसली.

परतीच्या फेरीबोटीत आम्ही पुढे उभे होतो. रायबंदरचा धक्का आला, फळी खाली टेकली, स्कूटरवाले निघायच्या घाईत. तेवढ्यात खलाशानं हात आडवा केला. "थांबा हो, आमचा परीट आहे!"

ओल्या लोखंडावर, पहिल्या चाकापासून वीतभर अंतरावर, काळी-पांढरी चिमुकली आकृती तुरुतुरु धावत होती. पांढरा चेहरा, गळ्याखाली काळा डाग, शेपटी सारखी खालीवर. दोराला चिकटलेली माशी टिपली, दोन पावलं, पुन्हा एक माशी. पुतणी उकिडवी बसली. कुणी हॉर्न वाजवला नाही. परीट उडून कठड्यावर गेला, तेव्हाच खलाशानं हात खाली घेतला. म्हणाला, "बाय, दसरा झाला की हा येतोच."

पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास करणाऱ्यांनाही हे आढळलंय, की परीट हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी परततात. हजारो किलोमीटरवरून, त्याच जागी! आणि मुलांना वॅगटेल हे इंग्रजी नाव शिकवण्याआधी परीट शिकवा. नदीकाठी कपडे आपटणाऱ्याची लय त्या शेपटीत आहे, ती परीट म्हटल्यावरच दिसते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, मातीचे भराव घालणाऱ्यांनाही हे पक्षी कुणीतरी नावानिशी दाखवायला हवेत.

पुतणी आता पुण्याला असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "काका, परीट आला का?" मी काल संध्याकाळी मुद्दाम फेरीनं गेलो. आलाय.