वासिंदच्या पुढे कलम ९२

(दृश्य : ठाणे स्टेशन. आसनगाव लोकल फलाटाला लागते.)

कल्याण, टिटवाळा, खडवली मागे पडतं. वासिंद आलं की शहापूर तालुका लागला. १९३७ साली इथवर आलेल्या ठाणेकराचा जिल्हा बदलत नव्हता, इलाखाही नाही. मुंबईच्या विधानसभेचा नवा कायदा मात्र त्याच्यासोबत येईलच असं नव्हतं.

(दृश्य : टेबलावर १९३५ चा ‘भारत सरकार कायदा’. पान उलटणारी बोटं.)

हे ते पुस्तक. ३२१ कलमं, १० परिशिष्टं. शिवण सुटलीय, म्हणून खाली पुठ्ठा धरलाय. १९१९ च्या कायद्यात खात्यांची वाटणी होती. शिक्षण, आरोग्य ‘सोपीव’, म्हणजे हिंदी मंत्र्यांकडे. पोलीस, महसूल, तिजोरी ‘राखीव’, म्हणजे साहेबाकडे. मंत्र्याने शाळा काढायची म्हटलं तरी पैशासाठी राखीव खात्याच्या दारात उभं राहायचं! १९३५ ने ही द्विदल पद्धत प्रांतांतून काढली, सगळी खाती मंत्र्यांना दिली. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं ते याच कायद्याखाली.

आता जरा खालची ओळ बघा. कलम ५२, गव्हर्नरच्या विशेष जबाबदाऱ्या. कलम ९३, कारभार ठप्प झाला तर सगळे अधिकार गव्हर्नरकडे. या दोघांवर खूप बोललं जातं. त्यांच्या शेजारचं ९२ राहून जातं, आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट नेमकी तिथे आहे.

(दृश्य : जुन्या ठाणे जिल्ह्याचा नकाशा. बोट उत्तरेकडे सरकतं.)

शहापूर आणि डहाणू तालुके, मोखाडा आणि उंबरगाव पेटे (पेटा म्हणजे उपतालुका). १९३६ च्या हुकमाने हे ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश ठरले. कलम ९२ सांगतं : मंत्री इथलेही मंत्रीच, पण विधानसभेचा कायदा गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय लागू नाही, आणि जाहीर करताना तो त्यात फेरफारही करणार. शिवाय गव्हर्नर-जनरलच्या संमतीने इथले वेगळे नियम तोच करणार. वारली, कातकरी, ठाकरांच्या रक्षणासाठी म्हणे हे कुंपण. सावकार आणि जमीनदार कुंपणाच्या आतच होते. फाटकाची किल्ली मलबार हिलवर, गव्हर्नरच्या बंगल्यात.

(दृश्य : शहापूरजवळचा पाडा. अंगणात भात वाळतंय.)

१९४५ मध्ये डहाणू-उंबरगावचे वारली वेठीविरुद्ध उठले. पुढे उंबरगाव गुजरातेत गेलं, डहाणू-मोखाडा पालघरमध्ये.

१९५० च्या घटनेत आदिवासी भागांसाठी पाचवी अनुसूची आली. कलम ९२ खाली गव्हर्नरने सांगितल्याशिवाय कायदा लागू होत नव्हता. आता राज्यपालांनी थांबवल्याशिवाय तो लागूच असतो.