नेफर्तारीच्या भिंतीतलं मीठ

ही भिंत जरा जवळून बघा. लांबून राणी दिसते, पांढरा झिरझिरीत पोशाख, डोक्यावर गिधाडाचा मुकुट, दोन्ही हातांत दोन गोल भांडी धरून देवीला नैवेद्य दाखवतेय, आणि वरती गडद निळ्या छतावर पिवळ्या चांदण्या. आता इथे खाली या. रंगाची एक पापडी सुटलीय, नखाएवढी असेल, कडा वर वळलेल्या, आणि तिच्या मागे जे पांढरं चमकतंय ना, ते मीठ आहे. साधं मीठ हो, सोडियम क्लोराइड, आपण आमटीत घालतो तेच.

इजिप्तमधलं लक्झर, नाईलचा पश्चिम किनारा, राण्यांची दरी. ही कबर नेफर्तारीची, म्हणजे दुसऱ्या रामसेसची पट्टराणी, वय साधारण ३२०० वर्षांपेक्षा जास्त. १९०४ मध्ये एर्नेस्टो स्कियापारेल्ली या इटालियन माणसाने ती शोधली तेव्हा चोर कधीच येऊन गेले होते, फुटकी शवपेटी आणि थोडं किडुकमिडुक एवढंच उरलेलं. पण भिंती चोरता येत नाहीत, त्यामुळे जवळजवळ ५२० चौरस मीटर चित्रं जागेवर होती. आणि तीही तेव्हाच सुटायला लागली होती.

कारण दगड. या दरीतला चुनखडीचा दगड भेगाळलेला आणि खारट, त्यात कारागिरांनी त्यावर ओलं प्लास्टर चढवलं, म्हणजे पाणी त्यांनीच आत नेलं म्हणा ना. पुढे कधीतरी पावसाचं पाणी भेगांतून झिरपलं असेल, मग माणसं यायला लागली, त्यांचा घाम, त्यांचा श्वास. पाण्यात मीठ विरघळतं, पाणी भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतं, उडून जातं, आणि मीठ तिथेच प्लास्टरच्या मागे नाहीतर रंगाच्या मागे स्फटिक होऊन बसतं आणि वाढत राहतं. आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो बघा, पोपडे निघतात, तसंच. फक्त इथे पोपड्यावर राणीचा गाल असतो.

मग पुसून काढा की पाण्याने? नाही चालत. हे रंग बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात कालवलेले आहेत, ओलं फडकं लावलं की रंग फडक्यावर.

१९८६ मध्ये इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि अमेरिकेतली गेटी कन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट यांनी मिळून काम हातात घेतलं, आणि रोमहून पाओलो आणि लॉरा मोरा हे नवरा-बायको आले, भित्तिचित्रांच्या कामात दोघांचाही हात धरणारं कोणी नव्हतं. पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतंच, आधी पडतंय ते थांबवायचं होतं. जपानी तुतीच्या सालीचा पातळ कागद, त्याच्या छोट्या छोट्या पट्ट्या, आणि त्या सुटत चाललेल्या रंगावर ॲक्रिलिक रेझिनने, म्हणजे एका कृत्रिम डिंकाने चिकटवायच्या, जखमेवर बँडएड लावतात तशा. त्या काळातले फोटो बघितले तर राणी अपघातातून आल्यासारखी दिसते.

हे रेझिन म्हणजे पॅरालॉइड बी-७२. मुळात इंडस्ट्रियल कोटिंगसाठी बनवलेला पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, पण म्युझियमवाल्यांचा फार लाडका, कारण तो लवकर पिवळा पडत नाही आणि वर्षांनंतरही ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतो, म्हणजे आज लावला तो उद्या काढता यावा अशी सोय. साधारण ४० अंशाला तो मऊ पडायला लागतो, पण कबरीच्या आत तापमान तिशीच्या खाली-वरच असतं, त्यामुळे चालून जातं. सॉल्व्हंटमध्ये पातळ केलेलं रेझिन रंगाच्या पापडीमागे सोडायचं, प्लास्टर पोकळ झालं असेल तिथे मागे सिरिंजने ॲक्रिलिक इमल्शन, मग हळूच दाबून धरायचं आणि वाट बघायची. खड्डे मात्र रेझिनने नाही भरले, तिथे वाळू आणि जिप्समचाच गिलावा. आणि जे चित्र गळून गेलं होतं ते नव्याने रंगवलं नाही, हे मला सगळ्यात जास्त पटलं.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'काढता येतो' हे बाटलीतल्या रेझिनबद्दल खरं आहे, एकदा ते सच्छिद्र प्लास्टरमध्ये मुरलं की सगळंच्या सगळं परत बाहेर कोण काढणार? आणि दुसरं म्हणजे भिंतीवर पॉलिमरचा सलग थर दिला तर आतलं पाणी आणि मीठ त्याच्या मागे अडकतं, तिथेच स्फटिक होतात, आणि पुढच्या वेळी थर सुटतो तो रंग घेऊनच. मेक्सिकोतल्या जुन्या भित्तिचित्रांवर हे झालंय. अजिंठ्यातही १९२० ते २२ मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निश लावलं, ते पिवळं पडलं, नंतर भारताच्या पुरातत्त्व खात्याने पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा कृत्रिम गोंद वापरला, आणि मग पुढच्या पिढीच्या लोकांवर हे सगळं सावकाश उतरवत बसायची वेळ आली. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता हो.

म्हणून इथे नेफर्तारीच्या कबरीत रेझिन लावायचं ते लागेल तिथेच, लागेल तेवढंच. कागदाच्या पट्ट्याही काम झाल्यावर एकेक करून काढल्या.

१९९२ ला काम संपलं, १९९५ ला कबर लोकांसाठी उघडली, तेव्हा दिवसाला १५० माणसं, त्याच्यावर नाही. आता तुम्ही विचाराल एवढी चिकटवाचिकटवी केली मग १५० च का. तर रेझिनने रंग भिंतीला धरून ठेवला, मीठ कुठे काढलं? ते अजून दगडात आहेच, आणि तिकीट काढून आत उतरणारा प्रत्येक जण श्वासातून थोडं पाणी घेऊनच येतो.