खेळण्यांचं उद्यान आणि हमीचा कागद

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'खेळण्यांच्या उद्यानाचा आराखडा कसा वाचावा'. समोर आजी-आजोबा बरेच दिसताहेत, ते बरं झालं. नातवंडांना अशा ठिकाणी न्यायचं म्हटलं की पाकीट तुमचंच उघडतं, तेव्हा विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे.

माझी उभी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. तेव्हापासून एक गोष्ट मनात ठाण मांडून बसली आहे. नवं उद्यान, नवा रिसॉर्ट जाहीर झाला की वर्तमानपत्रात रंगीत चित्र येतं. पाळणे, ठोकळ्यांसारखं रंगवलेलं हॉटेल, हसरी मुलं. त्या चित्रामागे एक कागद असतो, तो कधीच छापून येत नाही. तो म्हणजे हमीपत्र. कंपनीनं कर्ज काढायचं आणि ते फिटलं नाही तर सरकारनं भरायचं, असं लिहून दिलेला कागद. आज मला त्या कागदाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला दक्षिण कोरियात नेणार आहे. पण वाटेत डेन्मार्क लागतं.

डेन्मार्कमधलं बिलुंड हे तसं खेडंच. तिथं ओले किर्क क्रिस्टियान्सन नावाचा सुतार होता. मंदीत घरबांधणीची कामं मिळेनात, म्हणून १९३२ मध्ये तो लाकडी वस्तू आणि खेळणी करायला लागला. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत जशी लाकडी खेळणी होतात, त्याच जातीचं काम. याच सुताराची कंपनी म्हणजे लेगो. आज आपण ओळखतो ती एकमेकांत अडकणारी प्लॅस्टिकची लेगो वीट १९५८ ची. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि मग लाकूड सुटलंच. पुढे कारखाना बघायला माणसं यायला लागली, वर्षाला वीसेक हजार. मुलगा गॉटफ्रेड मालक होता. त्याच्या मनात आलं, इतके लोक येताहेत तर त्यांच्यासाठी काहीतरी मांडून ठेवावं. त्यातून ७ जून १९६८ रोजी पहिलं लेगोलँड, म्हणजे लेगो विटांचं उद्यान, उघडलं. पहिल्याच हंगामात सव्वासहा लाख माणसं आली. कंपनीनं त्याआधी, १९६२ मध्ये, स्वतःची धावपट्टीसुद्धा बांधली होती. आजचा बिलुंड विमानतळ तिच्यातूनच वाढला.

यातला क्रम बघा. आधी खेळणं, मग कारखाना, मग बघायला येणारी माणसं आणि शेवटी उद्यान. माणसं येतात हे डोळ्यांनी दिसल्यावर मालकानं त्यात पैसा घातला. पुढे २००५ मध्ये ही उद्यानं मर्लिन नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे गेली, त्यात लेगोच्या मालक कुटुंबानं आपला हिस्सा ठेवला, आणि लेगोलँड ही देशोदेशी उभारायची वस्तू झाली. मलेशियात २०१२, दुबईत २०१६, जपानमध्ये नागोयाला २०१७. त्यातलंच एक चुनचॉनचं.

चुनचॉन हे सोलच्या ईशान्येचं तळ्याकाठचं शहर. तिखट कोंबडीसाठी कोरियाभर नावाजलेलं. गांगवॉन प्रांताची राजधानी. १९६७ मध्ये तिथं उइआम धरण झालं, पाणी तुंबलं आणि जुंगदो नावाचा सपाट भूभाग बेट होऊन राहिला. २०११ मध्ये प्रांतानं मर्लिनशी करार केला की या बेटावर लेगोलँड करायचं. वर्षाला वीस लाख पर्यटक येतील असा अंदाज मांडला गेला. प्रांताचा हिस्सा असलेली एक विकास कंपनी निघाली, तिनं जमीन तयार करायची, आजूबाजूचे भूखंड विकायचे आणि त्यातून कर्ज फेडायचं, असं गणित होतं. उद्यानाची जमीन पन्नास वर्षांसाठी भाडं न घेता द्यायची आणि पुढे आणखी पन्नास वर्षं मुदत वाढवता येईल, असं ठरलं. शंभर वर्षं! हा करार कागदावर आला त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या नातवंडांपर्यंत तो चालू राहू शकतो.

मग खोदकाम सुरू झालं. आणि २०१४ मध्ये जाहीर झालं की बेटाच्या मातीखाली कांस्ययुगातलं अख्खं गाव आहे. शंभरावर दगडी थडगी, म्हणजे मोठ्या शिळा उभ्या करून वर आडवी शिळा ठेवतात ती, आणि नऊशेवर घरांच्या खुणा. आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना अंगावर काटा येणं म्हणजे काय ते कळेल. (इथं थोडं विषयांतर करतो, कारण मला राहवत नाही. जुनापाणी नागपूरहून किती जवळ, आणि या सभागृहात किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. चार. बरं, निदान चार तरी.) बेटावरच्या अवशेषांवरून आंदोलनं झाली. शेवटी काही शिळा हलवायच्या, काही परत मातीत झाकायच्या आणि शेजारी अवशेषांचं उद्यान व संग्रहालय करायचं, या अटीवर परवानगी मिळाली. उद्घाटनाची तारीख पुढे पुढे जात राहिली. अखेर ५ मे २०२२ ला, कोरियाच्या शंभराव्या बालदिनी, लेगोलँड उघडलं. जुलैत १५४ खोल्यांचं हॉटेलही सुरू झालं. अवशेषांचं उद्यान आणि संग्रहालय मात्र तोवर झालेलं नव्हतं. तीन हजार वर्षांच्या शिळा वाट बघत राहिल्या, याचा मला आजही संताप येतो.

सुरुवातीला लोकांची तक्रार काय होती? गाडी लावण्याचे पैसे. पहिला तास फुकट, त्यानंतर दिवसाचे अठरा हजार वॉन, म्हणजे आपले हजाराच्या वर रुपये. घरी गेल्यावर माणूस पाळण्यांआधी पार्किंगचीच गोष्ट सांगतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे!

आता तो कागद. विकास कंपनीच्या कर्जापोटी २०,५०० कोटी वॉनचे अल्पमुदतीचे रोखे बाजारात होते. रुपयांत बाराशे कोटींच्या आसपास. त्याला हमी होती गांगवॉन प्रांताची. सरकारची हमी, म्हणून बाजारानं ते रोखे डोळे मिटून घेतले होते. २०२२ च्या जुलैत प्रांतात सत्ता बदलली. नवे गव्हर्नर किम जिन-ते यांनी २८ सप्टेंबरला जाहीर केलं की विकास कंपनीला न्यायालयात नेऊन तिच्या पुनर्वसनाचा अर्ज करू, म्हणजे कर्ज झेपत नाही म्हणून न्यायालयाच्या देखरेखीखाली कंपनीची घडी नव्यानं बसवू. रोख्यांची मुदत संपत होती दुसऱ्या दिवशी. पैसे आले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पतमानांकन संस्थांनी त्या रोख्यांना 'डी' दिला, म्हणजे बुडीत.

व्याजदर त्या वर्षी आधीच चढत होते, हे खरं. पण प्रांताच्या हमीचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर गुंतवणूकदारांनी सगळ्याच रोख्यांकडे संशयानं बघायला सुरुवात केली. कोरियाच्या सरकारी वीज कंपनीच्या सर्वोच्च मानांकनाच्या रोख्यांनासुद्धा पुरेसे घेणारे मिळेनात. सोलमधल्या बारा हजार घरांच्या एका पुनर्विकास प्रकल्पाचं जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडताना तारांबळ उडाली. त्या घरांचा आणि लेगोच्या विटेचा काय संबंध? काहीही नाही, फक्त पैसा एकाच बाजारातला. २१ ऑक्टोबरला प्रांतानं जानेवारीअखेर पैसे देतो म्हणून सांगितलं. २३ तारखेला, रविवारी, केंद्र सरकारला पन्नास लाख कोटी वॉनहून अधिक रकमेची आधार योजना जाहीर करावी लागली. आणि डिसेंबरमध्ये प्रांतानं ते २०,५०० कोटी वॉन भरले. म्हणजे जे पैसे शेवटी भरायचेच होते, ते सप्टेंबरात भरले असते तर हे रामायण टळलं असतं.

मला हे वाचताना एक बैठक आठवत होती. पर्यटन प्रकल्पाचं सादरीकरण चालू होतं, कुठलं ते सांगत नाही. मी विचारलं, येणाऱ्यांची संख्या अंदाजाच्या निम्मी झाली तर हप्ता कोण भरणार? मला सांगण्यात आलं की चांगल्या कामात नकारात्मक बोलू नये. कार्यवृत्तात माझा प्रश्नच आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो प्रश्न लिहिला गेला असता तर पुढच्या माणसाला विचारणं सोपं गेलं असतं. चुनचॉनला २०२३ मध्ये माणसं आली सहा-साडेसहा लाख. अंदाज होता वीस लाखांचा. निम्मीसुद्धा नाही, तिसरा हिस्सा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. आणि आराखडा कसा वाचावा हे तर अजून सांगायचंच आहे! तेव्हा भराभर सांगतो.

भाडेपट्टा आधी वाचा. मुदत किती, भाडं किती, आणि विक्रीतला वाटा असेल तर तो नंतर बदलता येतो का. चुनचॉनला पुढच्या करारात प्रांताचा वाटा खूप खाली आला. मग हंगाम बघा. तिथं कडाक्याची थंडी पडते, २०२३ मध्ये उद्यान जानेवारीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत बंद होतं. आपल्याकडे हाच प्रश्न पावसाळ्याचा. वर्षाची सरासरी दाखवली की बंद दिवस त्यात बुडून जातात. जमिनीखाली काय आहे, याचा पुरातत्त्वाचा अहवाल करार होण्याआधी मागवा, नंतर नव्हे.

कर्ज कोणाचं, हेही विचारा. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, कर्जात अडकलं, आणि २०२२ मध्ये फेररचना होऊन मालपाणी समूहाकडे गेलं. तो व्यवहार कर्ज देणारे आणि घेणारे यांच्यातला राहिला. सरकारी हमी आली की तुम्ही आणि मी त्या व्यवहारात पक्षकार होतो, कुठंही सही न करता.

आणि हमी शोधायची कुठं? राज्यांना हमी देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदानं दिलाय, विधिमंडळानं मर्यादा घातली असेल तर तिच्या आत. नियंत्रक व महालेखापरीक्षक दरवर्षी प्रत्येक राज्याचे वित्त लेखे काढतात. त्यात ९ क्रमांकाचं विवरणपत्र हमींचं, आणि तपशील २० क्रमांकाच्या विवरणपत्रात. हे खंड महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. २० क्रमांकाचं विवरणपत्र उघडलंत तर दिलेल्या हमी आणि फिटायच्या बाकी असलेल्या रकमा ओळीनं सापडतील. मी दोन प्रती छापून आणल्यात, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहा घेताना चाळून बघा.