खाज थांबली की झोप लागते

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं ऐकताय ना? मी ड्रेसिंग करणारी नर्स, आज पित्ताच्या नळीबद्दल बोलते.

कावीळ म्हटलं की आपल्याकडं आधी झाडपाला, मग तेल बंद, हळद बंद. पण लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढुरकी आणि अंगाला जीव नकोसा करणारी खाज असली तर नळी तुंबली असेल, कधी खड्यानं, कधी पित्ताशयाच्या नायतर स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं. मग तोंडातनं दुर्बीण घालून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक पोकळ नळी, बसवतात, ते नाय जमलं तर बरगड्यांच्या मधनं नळी घालून पित्त गोळा करायला बाहेर पिशवी लावतात. यानं कॅन्सर जात नाय, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. पण जे मिळतं ते काय कमी नाय ओ.

खानापूरकडच्या एक आजी होत्या, रात्रभर काथ्यानं पाठ घासून घ्यायच्या, पोरगा बिचारा बसून. स्टेंटनंतर चौथ्या रात्री झोपल्या आणि सकाळी पेज नि लोणचं मागितलं, आणि पोरगा मला विचारतोय, बिलीरुबिन, म्हणजे रक्तातली कावीळ, 18 वरनं 11 च कसं? अरे बाबा, ते उतरायला आठवडे लागतात, केमो द्यायला डॉक्टर त्याचीच वाट बघतात, पण आई झोपली की नाय, जेवली की नाय, ते आधी बघ की!

पिशवीची मात्र लाज वाटते लोकांना. एका मामांनी टेलरकडनं नाडीची कापडी पिशवी शिवून घेतली, लुंगीच्या आत मांडीला बांधून बाजाराला जायला लागले. पिशवी कायम नळीच्या खाली राहिली पाहिजे, म्हणून मांडी बरी. पित्त बाहेर जातं तसं पाणी नि मीठही जातं, कुणाचं रोज अर्ध्या लिटरच्या वर, मग तोंड कोरडं, हातपाय गळाल्यासारखे. किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो, धातूचा महाग पण जास्त टिकतो, कुठला बसवला ते कागदावर लिहून घ्याच. आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच 108 ला फोन लावा. पिशवीत रोज किती आलं तेही लिहा, डेअरीच्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं तरी आम्हाला चालतंय.